सेंद्रिय शेतीतील गाय आणि तिचा गडी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवरची चार पोरे माझ्याकडे आली. त्यांच्या बापांनी गायरानाचा तुकडा दगडगोटे वेचून लागवडीला आणला, त्यापायी मार खाल्ला, तहसील आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. पोरे शिकली, नोकऱ्या नाहीत. खताच्या गोणीला पैसा पुरत नाही म्हणून त्यांनी सेंद्रिय शेती करायचे मनावर घेतले आहे. हातात सात-आठ पुस्तिका होत्या. कुणी शिबिरातून आणलेल्या, कुणी प्रदर्शनातून. म्हणाली, ‘सर, एवढे वाचा आणि सांगा. गाय घ्यावी का? घेतली तर किती? आणि तिला घालायचे काय?’

मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. शेतीशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. पण माझा बाप सालगडी होता. पाडव्याला ठरलेले साल पुढच्या पाडव्याला संपायचे आणि उचल फिटली नाही म्हणून पुन्हा त्याच गोठ्यात सुरू व्हायचे. माझे अर्धे बालपण दुसऱ्याच्या जनावरांखालचे शेण काढण्यात गेले. म्हणून या पुस्तिका मी दोन अंगांनी वाचल्या: एक वाङ्मय म्हणून, दुसरे हिशेब म्हणून. दोन्ही अंगांनी जे दिसले ते येथे मांडतो. या पानांवर कथा-कवितांची समीक्षा होते. मग शेणाच्या वाङ्मयाची का होऊ नये?

मराठीच्या मास्तराला पहिली खोड असते ती वाक्यातला कर्ता शोधण्याची. या पुस्तिकांत तो सापडत नाही. ‘सकाळी शेण गोळा करावे’, ‘गोमूत्र साठवावे’, ‘मिश्रण दिवसातून दोनदा ढवळावे’, ‘गोठा स्वच्छ ठेवावा’, सगळे असे विध्यर्थात. करावे, पण कुणी? प्रस्तावनेत शेतकरी आहे, मुखपृष्ठावर गाय आहे, मधल्या पानांवर ऋषी-मुनी आहेत. आणि पहाटे पाचला कंबरेत वाकून शेणाचा पो उचलणारी बाई कुठल्याच पानावर नाही. वाक्याची ठेवणच अशी की तिला जागा राहू नये. मनुस्मृतीला निदान कामे वाटून देताना माणसाचे नाव घ्यावे लागले. आधुनिक गोभक्ताला तेवढीही तसदी नाही.

दलित साहित्यात शेण आले ते असे नाही आले. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) संतामाय शेणातून न पचलेले ज्वारीचे दाणे वेचते, धुते, वाळवते, दळते आणि त्याची भाकरी करते. त्या प्रसंगावर आमच्या मध्यमवर्गीय वाचकांनी नाके मुरडली आणि काहींनी हळहळ व्यक्त केली. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या शेणात दाणा होता, याचा अर्थ ते जनावर ज्वारी खात होते. गावाच्या जनावराच्या पोटात जे जात होते ते त्या बाईच्या पोटात जात नव्हते. गोठ्याचे अर्थशास्त्र इतक्या नेमकेपणाने मी कुठल्याही कृषी ग्रंथात वाचलेले नाही. ‘देशी गायीचे शेण म्हणजे अमृत’ असे लिहिणाऱ्याला हा प्रसंग सांगितला तर तो म्हणेल, विषयांतर करू नका. विषय तोच आहे.

आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१) ही कादंबरीही या निमित्ताने पुन्हा वाचली. मळ्यावरचा गडी नारबा, त्याची जनावरे, आणि मालक रामबापूने आणलेला ट्रॅक्टर. जनावरे जातात, नारबा एकटा पडतो. यंत्र आले आणि माणूस-जनावराचे नाते तुटले, असा तिचा अर्थ वर्गात शिकवला जातो. मीही तसाच शिकवला. आज वाटते, मी अर्धेच शिकवले. नारबा ज्यांना आपला गोतावळा मानतो त्यातले एकही जनावर त्याचे नाही. विकायचे की ठेवायचे हे त्याला कुणी विचारत नाही. जीव लावायचा गड्याने आणि दावे सोडायचे मालकाने. जातीचा प्रश्न त्या कादंबरीचा नव्हे, हे मान्य. पण आजचा सेंद्रिय शेतकरी ट्रॅक्टर बाजूला सारून पुन्हा गोठा उभा करू म्हणतो, तेव्हा नारबाला तो पुन्हा कोणत्या अटीवर बोलावणार आहे, हे विचारलेच पाहिजे. सालावर की वाट्यावर?

आता हिशेब. पोरांना हवा होता तो हाच भाग आणि येथे मला बोटे मोडून बसावे लागले.

देशी गाय दिवसाला आठ-दहा किलो शेण देते. दहा धरू. वर्षाचे झाले ३,६५० किलो. ओल्या शेणात पाच हिश्शांतले चार हिस्से पाणी. उष्टावळ आणि काडीकचरा मिसळून, कुजवून, हाती खत येते दीड ते दोन टन. पिकाप्रमाणे एकरी दोन ते पाच टन शेणखत द्यावे, असे सांगतात. कमीत कमी धरले तरी चार एकराला आठ टन, म्हणजे चार-पाच जनावरे. बरे, तीनशे किलो वजनाच्या गायीला दिवसाला सात-आठ किलो कोरडा चारा लागतो. वर्षाला पावणेतीन टनांच्या घरात. जिरायत ज्वारीच्या एकरातून कडबा निघतो टन-दीड टन. चार गायींना सात-आठ एकर ज्वारी हवी आणि जमीन आहे चार एकर. त्यात आता ज्वारी आहे कुठे? मराठवाड्यात सोयाबीन आले आणि कडब्याच्या गंजी गेल्या. सोयाबीनच्या भुसकटावर गाय जगत नाही.

हा पेच फुटावा म्हणून नैसर्गिक शेतीवाल्यांनी जीवामृत पुढे केले. विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी त्याचा देशभर प्रचार केला, २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झिरो बजेट शेतीचा उल्लेख झाला. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती; हे एका एकराला. एका गायीवर तीस एकर होते, असा दावा. या मिश्रणातला नत्र मी मोजायचा प्रयत्न केला. शेणातला, मूत्रातला, बेसनातला सगळा धरला तरी पाव किलो भरत नाही. एकरभर ज्वारी जमिनीतून उचलते ती पंधरा-वीस किलो. यावर त्यांचे उत्तर असे की जीवामृत हे खत नव्हे, विरजण आहे. उत्तर प्रामाणिक आहे. पण विरजण लावायला आधी दूध लागते. ते दूध म्हणजे जमिनीवरचे आच्छादन, पालापाचोळा, पिकांचे अवशेष, सोबत द्विदल पिके. आणि येथेच गोम आहे. धसकटे, भुसा, पाला जमिनीवर पसरला तर गाय उपाशी. गायीला घातला तर जमीन उघडी. मोठ्या बागायतदाराला हा प्रश्न पडत नाही, त्याच्याकडे दोन्हीला पुरून उरते. चार एकरवाल्याला रोज सकाळी तो सोडवावा लागतो. एकाही पुस्तिकेत यावर एक परिच्छेद नाही.

बेसनाचेही सांगितले पाहिजे. दर महिन्याला एकरी दोन किलो बेसन आणि दोन किलो गूळ, म्हणजे आजच्या भावाने तीनशे रुपयांच्या आसपास. ज्या घरात आठवड्यातून दोनदा डाळ शिजते, त्या घरातल्या बाईला हे ‘झिरो’ बजेट समजावून सांगायला मी तरी जाणार नाही.

मग काय करावे? पोरांना मी जे सांगितले ते असे. शेणापेक्षा मूत्र जास्त वाया जाते आणि नत्र त्यातच अधिक असतो. तेव्हा गोठ्याला फरशी करण्याच्या भरीस पडू नका, खाली माती ठेवा, ती भिजली की ठरावीक काळाने उकरून खतात घाला, नवी टाका. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात जी पद्धत बसवली, आणि यशवंत वाड यांच्यासह १९३१ साली ग्रंथरूपाने मांडली, तिच्यात या मुताच्या मातीला मोठे स्थान आहे. आपल्या आयाबाया ती उकिरड्यावर टाकतच होत्या. शेण थोडे असेल तर पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांची नाडेप टाकी आहे: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, जाळीदार विटांची, शंभर किलो शेणात चौदा-पंधराशे किलो काडीकचरा कुजतो. हा खरा गरिबाचा शोध, आणि विशेष म्हणजे टाकीला शेण कोणत्या जातीच्या जनावराचे, हे कळत नाही.

जातीचा विषय मी मुद्दामच काढला. देशी गायच हवी, तिच्यातही काळी उत्तम, जर्सी ही गायच नव्हे, म्हैस तर मोजणीतच नाही, अशी या वाङ्मयात उतरंड आहे. लालकंधारी किंवा देवणी ही आमच्या भागातली जनावरे काटक आहेत, उन्हाला टिकतात, निकृष्ट चाऱ्यावर तगतात, औताला चालतात. ही कारणे व्यवहाराची आहेत आणि त्यासाठी ती ठेवावीत. पण शुद्ध-अशुद्धाचा विचार माणसांच्या वस्तीतून हाकलता हाकलता तो गोठ्याच्या दाराने आत शिरत असेल, तर आपण दार लावून घेतले पाहिजे. मातीतल्या जिवाणूंना कुळ लागत नाही.

आणि शेळी? सुक्या लेंडीखतात सुमारे तीन टक्के नत्र असते, शेणखतात अर्धा टक्का. उस्मानाबादी शेळी बाभळीच्या शेंगांवर, बांधावरच्या पाल्यावर जगते, बहुधा जुळी देते, अडीनडीला बाजारात उभी केली की संध्याकाळी हातात पैसा येतो. धनगराच्या मेंढ्या शेतात बसवण्याची पद्धत तर पिढ्यान्‌पिढ्यांची. रातभर कळप बसला की रान खतावून निघते, मोबदल्यात धान्य-पैसा दिला की काम झाले. पण शेळीला पुराण नाही, मेंढीला आरती नाही. म्हणून त्या पुस्तिकांत नाहीत. पोरांना मी स्पष्ट सांगितले, गायीच्या आधी शेळ्या घ्या.

गायीच्या बाबतीत एक प्रश्न असा आहे की तो विचारला की शिबिरात शांतता पसरते. ती म्हातारी झाल्यावर काय? गोऱ्हा झाला तर काय? दोन-तीन लिटर दूध देणारी गाय आटली की वर्षाचा पावणेतीन टन चारा तसाच लागतो. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्याबंदी होतीच. ४ मार्च २०१५ पासून बैल-वळूही त्यात आले. तोवर थकलेला बैल विकून आलेल्या पैशात थोडी भर घालून शेतकरी नवा बैल घेत असे. ते चक्र थांबले. म्हशीच्या जातीला अशी सरसकट बंदी नाही, म्हणून व्यवहार जाणणारा शेतकरी म्हशीकडे वळला. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांना दर गायीमागे दिवसाला पन्नास रुपये अनुदान देण्याचे ठरवले. गोशाळेतल्या गायीला पन्नास रुपये, आणि भूमिहीनाच्या दारातल्या गायीला? मातेचे मातृत्व ती कुणाच्या दावणीला आहे यावर ठरते, असे दिसते. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांमध्ये देशभरात देशी गोवंश सुमारे सहा टक्क्यांनी घटला, संकरित वाढला. पूजा वाढत गेली तशी संख्या घटत गेली.

म्हातारी गाय अखेर मरते. त्या दिवशी कुणाला बोलावतात, हे या पत्राच्या वाचकाला सांगायला नको. आमच्या जुन्या इनामी जमिनीला हाडकी-हाडोळा हे नाव पडले ते उगीच नाही. गावाचे मेलेले ढोर ओढायचे, तेथे टाकायचे, सोलायचे. सेंद्रिय पुस्तिकेत हाडांच्या चुऱ्याचे खत स्फुरदासाठी उत्तम म्हणून सांगितलेले असते. पाश्चात्त्यांची बायोडायनॅमिक पद्धत आता आपल्याकडेही आली आहे. तिच्यात मेलेल्या गायीच्या शिंगात शेण भरून ते जमिनीत पुरतात. शिंग कवटीपासून कुणी सोडवले, हे त्या पानावर लिहिलेले नसते. विध्यर्थच असतो: शिंग घ्यावे.

महाडला मार्च १९२७ च्या परिषदेत मेलेल्या ढोराचे मांस सोडण्याचा निर्धार झाला. पुढे १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ‘केसरी’तल्या त्या जुन्या हिशेबाची आठवण काढली, ढोरे ओढणे सोडल्याने कातडे, शिंगे, हाडे यांचे महारांचे किती उत्पन्न बुडते, याचा तो हिशेब होता. तो फायदा मग तुम्हीच घ्या, असे त्यांचे रोखठोक उत्तर होते. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत ऊना येथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना फटके मारले गेले, तेव्हा तिथल्या लोकांनी मेलेली ढोरे सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीपुढे नेऊन टाकली, आणि मोर्चात प्रत्येक भूमिहीन दलित कुटुंबाला पाच एकर जमीन मागितली. त्या दोन कृती एकत्र वाचाव्या लागतात. ढोर तुमचे तुम्ही उचला, आम्हाला जमीन द्या. सेंद्रिय शेतीच्या एकाही विवेचनात मी ऊनाचा उल्लेख पाहिला नाही, याचे मला आश्चर्य वाटले नाही. दुःख मात्र वाटले, कारण त्यातले काही लेखक माझे स्नेही आहेत आणि मातीविषयीची त्यांची तळमळ खोटी नाही.

खरे तर सेंद्रिय विचार परका म्हणून टाकून द्यावा, असे मला मुळीच वाटत नाही. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) डोंगरावरचा पालापाचोळा, किड्यामुंग्यांची आणि जनावरांची कुजलेली शरीरे पावसाने धुऊन शेतात कशी येत आणि रान कसे आपोआप खतावत असे, याचे वर्णन केले आहे, ते सत्त्व अडवायला ताली-बंधारे घालावेत म्हणून सुचवले आहे. आणि जंगलखात्याने गुरचरणी आत घेतल्याने शेतकऱ्याची जनावरे कशी मेली, तेही सांगितले आहे. म्हणजे खत, जनावर आणि चराऊ रान या तीन गोष्टी त्यांनी एका सूत्रात ओवल्या. आजच्या पुस्तिकांनी पहिल्या दोन घेतल्या आणि तिसरी टाकली. कारण चराऊ रान म्हटले की गायरान आले, आणि गायरान म्हटले की आम्ही आलो.

येथे आपल्या बाजूचाही एक अवघड प्रश्न आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गायरान हे मूळचे गुरांचे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, लोक हजारोंनी तुरुंगात गेले. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. तरी सातबारा कोरा राहिलेली माणसे गावोगाव आहेत, आणि २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोटिसा निघाल्या तेव्हा त्यांची झोप उडाली. त्या वेळी गावातले मातबर म्हणाले, आमची जनावरे कुठे चरायची? त्यांच्या स्वतःच्या ताब्यातल्या गायरानाचा विषय कुणी काढला नाही. पण गाय चरायला रान हवे हे तर खरेच. मी पोरांना विचारले, तुमची गाय कुठे चरेल? ती एकमेकांकडे पाहू लागली.

मला याचे उत्तर बाबासाहेबांच्या दोन लेखनांत दिसते. १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी म्हटले होते की जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, शेतकऱ्याकडे बैल-अवजारे किती यावरून ठरते. आणि ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये (१९४७) सामुदायिक शेतीची योजना मांडताना पाणी, औताची जनावरे, अवजारे, खत, बियाणे हे सारे राज्याने पुरवावे, असे नमूद केले. औताची जनावरे आणि खत हे शब्द त्या मसुद्यात आहेत! आपण तो घटनात्मक समाजवादाचा दस्तऐवज म्हणून वाचतो, परिसंवाद घेतो. त्यातल्या बैलाकडे कुणाचे लक्ष गेले नाही. माझेही या पोरांनी विचारीपर्यंत गेले नव्हते. चार एकरांवर चार गायी नव्हे, सोळा एकरांवर मिळून एक बैलजोडी, एक गाय, वीस शेळ्या, बांधावर सुबाभूळ-शेवरी आणि थोडे चारापीक, एक सामाईक नाडेप; हा हिशेब बसतो. राज्य ते पुरवणार नाही, हे कळण्याइतकी पोरे शहाणी आहेत. चौघांनी वर्गणी काढायची ठरवली.

शेवटची बैठक माझ्याच ओट्यावर झाली. जनावरे कुणाच्या नावावर, दूध कसे वाटायचे, आजारी पडले तर डॉक्टरचा खर्च कुणाचा, सगळे वहीत लिहून झाले. वही लिहिणाऱ्याने वाचून दाखवले: ‘शेण रोज सकाळी गोळा करावे.’ दाराशी त्याची आई बसली होती. ती म्हणाली, ‘कुणी, ते लिव की रं.’

वही अजून त्या ओळीवर उघडी आहे. पोरगा म्हणतो, पाळी लावू. दुसरा म्हणतो, बाप्ये शेण भरायला लागले तर गाव हसेल. आणि लम्पी आली होती त्या २०२२ च्या साली खड्डे खणायला आपल्यालाच बोलावले होते, तेव्हा आपली गाय मेली तर खड्डा कुणी खणायचा, हेही लिहा, असे तिसऱ्याचे म्हणणे आहे. पुढच्या रविवारी पुन्हा बसायचे आहे.